गौतमीचा कष्टांक

बारा तासांत चिखलदऱ्याचा घाट तीनदा चढून दोनदा उतरलेल्या बाईला 'साक्षी'ने एकतीस गुण दिले, तेव्हा ती बाई मांडवाबाहेर सतरंजीवर बसून बूट काढत होती. तिने तो बूट उचलला आणि रागाच्या भरात निकालाच्या फलकाकडे भिरकावला. लागला नाही. एरवी तिचा नेम सहसा चुकत नसे.

"एकतीस? अन् त्या अकोल्याच्या सराफाले अठ्ठ्याऐंशी? तो तर तिसऱ्या किलोमीटरवर बसून रडत होता!"

"म्हणूनच अठ्ठ्याऐंशी, ताई," तिची बहीण हसू दाबत म्हणाली आणि बूट आणायला उठली.

बूट फेकणारी ती यशोधरा तायडे. परतवाड्याच्या एका शाळेत पीटी शिकवायची, वय अडतीस, अंगात सुताएवढी चरबी नाही. बूट आणायला गेली ती गौतमी, नऊ वर्षांनी धाकटी, सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देणारी. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून दोघीच. यशोधराने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मले एक पोरगी आहे, एकोणतीस वर्षांची. तिचं होऊ द्या आधी."

गौतमीला जन्मापासून सिकलसेल. विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, घराघरात एखादा तरी असतो. बाकीच्यांसाठी सांगायचं तर रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, दम लागला, की त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मागचं रक्त मागेच राहतं, आणि जिथे ते पोचत नाही तिथे दुखतं. कसं दुखतं? गौतमी सांगायची, "दारात बोट चेंगरते ना, तसं. फक्त बोटाच्या जागी मांडीचं हाड, अन् दार कोणी उघडतच नाही."

या दुखण्याची मोठी पंचाईत म्हणजे वरून काही दिसत नाही. जखम नाही, सूज नाही, प्लास्टर नाही. त्यामुळे जन्मभर तिला एकच प्रश्न ऐकावा लागला, खरंच एवढं दुखतं? शाळेत बाईंनी विचारलं, सेतू केंद्राच्या मालकाने विचारलं, एका मोठ्या दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरने तर तिच्यादेखत नर्सला सांगितलं की हिला इंजेक्शनची चटक लागली आहे. यशोधराने मात्र हा प्रश्न कधी विचारला नाही. गौतमीच्या चेहऱ्याकडे एकदा बघायची आणि गरम पाण्याची पिशवी भरायला उठायची. आपलं दुखणं खरं मानणारं एक माणूस घरात आहे, एवढ्या भांडवलावर गौतमी जगत होती.

आणि परतवाड्यातल्या डॉक्टर ढोमण्यांच्या सिकलसेल केंद्रावर. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या दोन खोल्यांत तीन खाटा, सलाइन, ऑक्सिजन आणि दुखणं मारणारं इंजेक्शन. दुखायला लागल्यापासून तासाभरात हे मिळालं तर माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. नाही मिळालं तर अमरावतीपर्यंत पन्नास किलोमीटर गाडीत कण्हत जायचं. दोनशे बारा रुग्ण त्या तीन खाटांवर अवलंबून होते. यशोधरा घाट चढायची ती या केंद्रासाठी.

'दमसास' हा कार्यक्रम पुण्याच्या एका कंपनीचा. दर जानेवारीत एक दिवस घाट गाड्यांना बंद, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा माणसांनी चालायचं, पळायचं, जमेल ते करायचं. ज्याने त्याने आपल्या आवडीच्या दवाखान्यासाठी, आजाऱ्यांच्या संस्थेसाठी चालायचं आणि लोकांनी घरबसल्या मोबाइलवर बघत त्याच्या नावाने देणगी बोलायची. पूर्वी ही देणगी किलोमीटरमागे असे. मग लोकांनी मोजणी यंत्रं मोटरसायकलला बांधली. पुढे मोटर बसवलेले बूट आले, गुडघ्यांना उचलून धरणारे सांगाडे आले, आणि पन्नास किलोमीटर चालून आलेल्या माणसाच्या कपाळावर घामाचा थेंब दिसेना. देणारे म्हणाले, आम्ही पैसे देतो ते कष्टांचे, मग कष्टच मोजा.

मोजणारं यंत्र तयार होतंच. 'साक्षी' ही बोटाएवढी पट्टी मूळची अतिदक्षता विभागातली. तान्ही बाळं, गळ्यात नळी घातलेली माणसं, यांना कुठे किती दुखतं ते सांगता येत नाही. त्यांच्यासाठी ती शोधली गेली. पट्टीच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक शेकडो सुया असतात. त्या रक्तापर्यंत जात नाहीत, कातडीखालच्या ओलाव्यापर्यंत पोचतात. माणूस त्रासात असला की त्या ओलाव्यात काही रसायनं वाढतात, चेतातंतूंमधली बारीक वीज बदलते, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. भीतीने बदलतं ते वेगळं, पळण्याने वेगळं, दुखण्याने वेगळं. लाखो रुग्णांच्या नोंदींवरून यंत्र हा फरक शिकलं होतं आणि सगळ्याचं उत्तर शून्य ते शंभर अशा एका आकड्यात देत होतं. दवाखान्यात त्याला वेदनांक म्हणत. दमसासवाल्यांनी त्याचं कष्टांक केलं, कारण वेदना म्हटलं की देणाऱ्याचा हात आखडतो. गळ्याखाली पट्टी, पट्टीवर हिरवा-पिवळा-लाल दिवा, आणि आकडा मनगटावरच्या घड्याळासारख्या पट्ट्यावर.

मग व्हायचं तेच झालं. वर्षभर पहाटे उठून सराव करणाऱ्यांचे आकडे तळाला गेले आणि जन्मात कधी न चाललेले वर आले. लोक मुद्दाम जागरण करून, उपाशीपोटी यायला लागले. कोणी बुटात खडे भरले. नागपूरचा एक वकील अंगात ताप असताना चालला आणि त्या वर्षीचा विक्रम करून गेला. यशोधराला या सगळ्याची किळस यायची. "मी काहून सराव सोडू? चांगलं चालते याची शिक्षा आहे का?" तीन वर्षं ती हेच म्हणत राहिली आणि तीन वर्षं तिचा आकडा खाली येत राहिला.

बुटाच्या प्रकरणानंतर महिन्याभराने गौतमीला कळ आली. केंद्रातल्या मधल्या खाटेवर ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, नर्स सलाइनसाठी नस शोधत होती. यशोधराच्या कमरपिशवीत दमसासची एक न वापरलेली पट्टी उरली होती. गौतमीनेच ती मागितली.

"लाव ना वं ताई. पाहू तरी."

"काही अंगात येऊन राहिलं का तुझ्या? पड चुपचाप."

"लाव म्हणते ना!"

पट्टी चिकटवली. दिवा हिरव्यावरून पिवळा झाला, लाल झाला आणि लालच राहिला. आकडा थांबला चौऱ्याण्णववर. डॉक्टर ढोमणे चष्मा वर करून बघत राहिले. गौतमी रडायला लागली. दुखण्याने ती कधी रडत नसे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"फोटो काढ, ताई. याचा फोटो काढ. त्या शाळेतल्या बाईले पाठव, मालकाले पाठव, सगळ्याईले पाठव. मी नाटक नव्हती करत."

"मले माहीत आहे ना, माय," यशोधरा म्हणाली आणि तिने मोबाइल काढला.

इंजेक्शन लागू पडल्यावर, चेहऱ्यावर रंग आल्यावर, गौतमी छताकडे बघत म्हणाली, "माझं दुखणं एकोणतीस वर्षं फुकट गेलं. नुसतं पडून चौऱ्याण्णव! मी चालली तर?"

"मी डॉक्टर आहे, ठेकेदार नाही," ढोमणे म्हणाले. "पुन्हा हा विषय माझ्यासमोर नको."

विषय पुन्हा निघाला तो त्यांच्याच तोंडून. केंद्राला पैसे पुरवणाऱ्या मुंबईच्या ट्रस्टने हात आखडता घेतला आणि कळवलं की पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंतचं बघू, पुढचं तुमचं तुम्ही बघा. डॉक्टरांनी सहा जागी अर्ज केले आणि सहा नकार आले. मग एका दुपारी ते तायडेंच्या घरी येऊन ओशाळल्यासारखे बसले, चहा घेतला, आणि म्हणाले की सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर, सोबत पाणी, सोबत मॅडम, आणि माझं इंजेक्शन पिशवीत. तेवढंच हं.

दमसासचा शार्दूल केतकर तर गुडघ्याला बाशिंग बांधून तयारच होता. पायात महागडे बूट, बोलणं गोड. "मॅडम, मी अगदी स्पष्ट बोलतो. लोकांना खरं काहीतरी हवंय. तुमच्या बहिणीपेक्षा खरं काय असणार?" त्याने दर महिन्याला अमरावती रस्त्यावर एक छोटी दमसास सुरू केली. पहिल्याच महिन्यात गौतमी दोन किलोमीटर चालली, कष्टांक नव्वदच्या खाली आला नाही, आणि केंद्राचा चार महिन्यांचा खर्च निघाला. लोकांनी तिला पत्रं लिहिली. मालकाने पेढे आणले. रस्त्याने जाताना बायका थांबून विचारू लागल्या, कशी आहे वं तब्येत? तिच्या दुखण्याला एकदम मान आला.

नियम एकच होता, आदल्या दिवसापासून दुखण्याची गोळी घ्यायची नाही. घेतली तर पट्टीला कळायचं आणि मोजणी बंद व्हायची. यशोधराने पहिल्या महिन्यात त्यावर बरीच आदळआपट केली. दुसऱ्या महिन्यात कमी केली. जुलैमध्ये चालण्याला तीन दिवस असतानाच गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी डब्यात पडलेली तिला दिसली. तिने डब्याचं झाकण लावलं आणि भाजी चिरायला घेतली. त्या दिवसाबद्दल ती पुढे स्वतःला फार बोलली.

पावसाळा सरता सरता आकडा घसरायला लागला. नव्वद, मग ब्याऐंशी, दिवाळीला एकसष्ट. गौतमी तेवढीच कण्हत होती, घरी आल्यावर तशीच गुडघे घेऊन पडत होती, आणि पट्टी म्हणत होती एकसष्ट. देणगीदारांचे निरोप बदलले. 'बरी झाली वाटतं ताई, अभिनंदन.' 'सहानुभूती किती दिवस विकणार?' एकाने नुसतं लिहिलं होतं, 'नाटक'. तो शब्द गौतमी बराच वेळ वाचत बसली.

यशोधराने केतकरला फोनवर धारेवर धरलं.

"मॅडम, बिघाड नाहीये तो," तो म्हणाला. "साक्षी प्रत्येक माणसाची स्वतःची शून्यरेषा शिकते. कोणाचं अंग मुळातच चिडकं असतं, कोणाचं थंड. तेव्हा तुमचं रोजचं जे काही आहे ते यंत्र हळूहळू शून्य धरतं आणि त्याच्या वर किती गेलात ते दाखवतं. दवाखान्यात माणूस दोन-तीन दिवस पट्टी लावतो, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. महिनोन् महिने लावणारं कोणी असेल असं बनवणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हतं. ताई सरावासाठी घरीही लावतात ना?"

लावत होती. चोवीस तास लावत होती. तिला ती काढवतच नव्हती.

"म्हणजे तिचं दुखणं तेवढंच आहे, अन् यंत्राले सवय झाली?"

"बरोबर. तुमचेसुद्धा एकतीस त्यातलेच."

"मंग तिची रेषा पुसून नवी करा."

"नियमात बसत नाही. एकाची पुसली की हजार जण मागतील."

यशोधराने फोन ठेवला. म्हणजे तिला हे स्वच्छ माहीत होतं, हे इथे नमूद करून ठेवतो. अडाणीपणाने काही झालं नाही.

जानेवारी आला. मार्चनंतर केंद्र चालवायचं तर अजून सात महिन्यांचा खर्च हवा होता आणि गौतमीचे आकडे चाळिशीत आले होते. नियमपुस्तकात एक वाक्य होतं, मोठ्या दमसासमध्ये घाटाचा चढ पूर्ण करणाऱ्याची देणगी दुप्पट धरतात. अकरा किलोमीटर. ढोमण्यांना सांगितलं असतं तर त्यांनी दारात आडवं पडून अडवलं असतं, म्हणून त्यांना सांगितलं की नेहमीसारखी दोनच चालणार आहे.

"हळू चालू," गौतमी म्हणाली. "दिवसभर वेळ आहे. तू आहेस ना सोबत."

सकाळी सहाला घाटात बोचरी थंडी होती. यशोधराने तिला दोन स्वेटर घातले, कानाला मफलर गुंडाळला, दर दहा मिनिटांनी कोमट पाणी पाजलं. सोबत्यालाही पट्टी लावावी लागते, त्यामुळे यशोधराच्या मनगटावर दोन आकडे होते. वर गौतमीचा, खाली तिचा स्वतःचा. पाचव्या किलोमीटरपर्यंत सगळं बरं चाललं. तिथे मदतकेंद्राचा तंबू होता, दोघींनी उपमा खाल्ला, गौतमीने कोणाशी तरी थट्टाही केली. आठवा किलोमीटर ओलांडून पुढे गेल्यावर ती कठड्याला टेकली.

"ताई, दुखून राहिलं. छातीत. नेहमीसारखं नाही."

आणि यशोधराने मनगटाकडे बघितलं.

आधी मनगटाकडे. तिथे बेचाळीस होते. तिला बरं वाटलं, अगदी खरोखर हायसं वाटलं, आणि त्या भरात ती म्हणाली, "बेचाळीस तर आहे, गौतमी. चल ना, त्या वळणापर्यंत. मंग बसू."

गौतमीने तिच्याकडे क्षणभर बघितलं, कठडा सोडला आणि चालायला लागली. वळण दोनशे पावलांवर होतं. ती दीडशे चालली आणि बसकण मारल्यासारखी रस्त्यावर कोसळली.

आता यशोधराने चेहरा बघितला. ओठ राखेसारखे झाले होते, नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या, कपाळ तापलं होतं. छातीतल्या नसांत रक्त अडकलं होतं. ढोमण्यांनी शंभरदा बजावलं होतं, हाडात दुखलं तर वेळ असतो, छातीत दुखलं तर नसतो. तिने पिशवीतलं इंजेक्शन काढून दंडात टोचलं. मनगटावर लगेच अक्षरं आली, 'स्पर्धकाची मोजणी बंद.' तिने मदतीचं बटण दाबलं. उत्तर आलं, 'शेवटचा कष्टांक एकोणचाळीस, प्राधान्य हिरवं, अंदाजे प्रतीक्षा ऐंशी मिनिटं.' घाटात दोनच रुग्णवाहिका होत्या आणि त्या लाल दिव्यांकडे धावत होत्या. त्यातली एक, मागाहून कळलं, पोटरीत गोळा आलेल्या एका बिल्डरसाठी गेली होती.

"अहो, थांबा ना! माझी बहीण मरून राहिली!"

लोक थांबत होते. गौतमीच्या गळ्याखालचा हिरवा दिवा बघत होते आणि म्हणत होते, बसू द्या मॅडम थोडं, दम लागला असेल. चांगली माणसं होती ती. यंत्र जे सांगत होतं त्यावर त्यांचा विश्वास होता, आणि पाच मिनिटांपूर्वी यशोधराचाही होता. फक्त दर्यापूरच्या एका बाईने काही न विचारता आपली ओढणी सोडली आणि गौतमीला यशोधराच्या पाठीवर बांधायला मदत केली. गौतमी अडतीस किलोची होती.

यशोधरा उतारावरून निघाली. मदतकेंद्राचा तंबू साडेतीन किलोमीटर खाली. आधी चालली, मग धावायला लागली. आयुष्यभर केलेला सराव त्या उतारावर लागला. गुडघे पेटले, तळव्यांची कातडी सुटली, पाठीवर बहिणीचा श्वास मोजत ती पळत होती; एक आला, दुसरा आला, तिसऱ्याला उशीर झाला की ती ओरडायची, "गौतमी! बोल काहीतरी!" आणि मनगट वाजायला लागलं. ठुण. ठुण ठुण. तिला वाटलं रुग्णवाहिका आली. मान वळवून मनगटाकडे बघितलं तर खालचा आकडा, तिचा स्वतःचा, अठ्ठ्याण्णव झाला होता. वर कॅमेऱ्याचं ड्रोन घिरट्या घालत होतं. देशभरातले लोक बघत होते आणि देणग्या बोलत होते. दर बोलीला एक ठुण. ती किंचाळली, शिव्या दिल्या, मनगट झटकलं. दोन्ही हात पाठीमागे बहिणीच्या मांड्यांखाली होते, पट्टा सोडायला हात मोकळा नव्हता. साडेतीन किलोमीटर ते वाजत राहिलं.

तंबूपाशी पोचली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. केतकरच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरंच होतं. तो काहीतरी विक्रमाबद्दल बोलत होता. यशोधराने त्याची कॉलर धरून त्याला सांगितलं की तुझी स्वतःची गाडी काढ, आत्ता. त्याने काढली. मागच्या सीटवर तंबूतला ऑक्सिजन लावून गौतमीला अमरावतीला नेलं. तिथल्या दवाखान्यातही दारात पट्टी बघूनच रांग लावत होते. यशोधराने गाडीतच ती ओरबाडून खिडकीबाहेर फेकली होती, त्यामुळे डॉक्टरांना रुग्ण तपासावा लागला.

गौतमी एकोणीस दिवस तिथे होती. सहा दिवस नळीवर. रक्त दोनदा बदललं. वाचली. डावं फुफ्फुस अर्धं कामातून गेलं, जिना चढता येत नाही, पण वाचली.

केंद्रही वाचलं. त्या साडेतीन किलोमीटरच्या उताराने केंद्राला चार वर्षांचा खर्च आणि चौथी खाट मिळवून दिली. ते पैसे घ्यावेत का, यावर ढोमणे दोन दिवस झोपले नाहीत. यशोधरा म्हणाली, "घ्या. दोनशे बारा लोकाईले काय सांगसाल, आमचं मन दुखलं म्हणून केंद्र बंद?" दमसासशी मात्र तिने संबंध तोडला. पदक आलं ते परत पाठवलं. गौतमीने पुन्हा पट्टी लावली नाही, मागितलीही नाही.

घरात सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. गौतमी हसायची, अर्ज भरायची, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताईला बोलायची. त्या वळणाचा विषय तिने एकदाही काढला नाही. यशोधराने एकदा काढला, माफ कर म्हणाली, तर गौतमीने हातानेच उडवून लावलं. "जाऊ दे ना वं. तूच तर उचलून आणलं मले."

मार्चच्या शेवटी सेतू केंद्रातून फोन आला की गौतमी खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झाली आहे. यशोधरा शाळेतून तशीच केंद्रावर धावली. गौतमी चौथ्या खाटेवर होती, सलाइन लागलं होतं. यशोधराने यावेळी फक्त चेहरा बघितला. चेहरा शांत होता.

"कुठं दुखते?"

"नाही दुखत."

"गौतमी."

"खरंच नाही ना, ताई. थोडी चक्कर आली फक्त."

यशोधरा उभी राहून त्या चेहऱ्यात शोधत राहिली. जिथे तिला वीस वर्षं सगळं दिसत होतं तिथे काही दिसेना. शेवटी ती चहा आणायला बाहेर गेली. टपरीवर गर्दी होती, पाच-सात मिनिटं लागली. परत येताना दाराच्या अलीकडेच तिला बहिणीचा आवाज ऐकू आला. गौतमी शेजारच्या खाटेवरच्या नव्या बाईशी बोलत होती. धारणीकडची कोणी होती, आजच पहिल्यांदा आली होती, तिचं नावही अजून कोणाला माहीत नव्हतं.

"पाठीत सकाळपासून आहे," गौतमी तिला सांगत होती, हळू, थांबत थांबत. "डाव्या खुब्यात तर असं वाटते की कोणी आतून हाड पिळून राहिलं. काल रात्रभर झोपली नाही मी. तोंडात पदर धरला, आवाज नको जायला म्हणून. तुमचं कसं दुखते?"

यशोधरा आत आली. गौतमी बोलायची थांबली आणि तिच्याकडे बघून हसली.

"आणला का चहा? दे. बरं वाटून राहिलं आता मले."

यशोधराने तिच्या हातात कप दिला.